चिकाटी कशावर उभी असते

कलेच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणाला आज दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरातले म्हणतात, आधी पोटापाण्याचे बघ, मग तुझे छंद. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणतात, ध्यास असेल तर मागचे दोर कापून टाक, झोकून दे, यश आपोआप येईल. पहिला सल्ला काळजीतून येतो, दुसरा कौतुकातून. पण दोघांचे गृहीतक एकच आहे. पोट आणि कला एकमेकांचे वैरी आहेत, एकाला धरले की दुसऱ्याला सोडावेच लागते, असे दोघेही मानून चालतात. मराठी कलाव्यवहाराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी दोर कापले नव्हते. त्यांची चिकाटी कशावर तरी उभी होती. कधी पगारावर, कधी घरातल्या कुणाच्या तरी कष्टांवर, कधी एखाद्या संस्थेने लावलेल्या वेळापत्रकावर, तर कधी स्वस्तात मिळालेल्या एका सभागृहावर. चिकाटी हा स्वभावाचा गुण आहे असे समजून आपण ती एकट्या माणसाकडून मागत राहतो. प्रत्यक्षात तिच्यामागे बरीचशी व्यवस्था असते, आणि ती कुणीतरी उभी करावी लागते. ती कुणी उभी करायची, हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत.

झोकून देण्याचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांचे नाव हमखास येते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, पत्नीचे दागिने गेले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. हे खरे आहे. पण ही गोष्ट सांगताना सुरुवात होते ती ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांनी मुंबईत पाहिला त्या प्रसंगापासून, आणि त्याच्या आधीची पंचवीस वर्षे गाळली जातात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, जादूचे प्रयोग केले, छपाईचा व्यवसाय उभारला, रंगीत छपाईचे तंत्र शिकायला जर्मनीला जाऊन आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. चित्र काढणे, कॅमेरा हाताळणे, रसायने, छपाई, नजरबंदी अशी चित्रपटाला लागणारी कितीतरी कौशल्ये तोवर त्यांच्या हातात मुरली होती. लंडनहून कॅमेरा आणल्यावरही त्यांनी थेट मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली, ती पैसा देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि मग भांडवल उभे केले. या धाडसात नमुना तयार करून दाखवणारा, खर्चाचा हिशेब मांडणारा कारागीर होता. दागिने गहाण पडल्याचे आपण लक्षात ठेवतो आणि ते रोप विसरतो, त्यामुळे तरुणांच्या हाती चुकीचा धडा पडतो.

त्याच गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे. सरस्वतीबाई फाळके चित्रीकरणाच्या काळात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, कच्च्या फिल्मला भोके पाडत होत्या, ती धुण्याच्या कामात मदत करत होत्या. फाळक्यांची चिकाटी या बाईच्या श्रमांवर उभी होती, हे म्हणण्यात फाळक्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पण कलावंताच्या जिद्दीच्या गोष्टी सांगताना तिचा भार उचलणारे हात वगळले जातात आणि ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात. मग बाईच कलावंत असेल तर तिचा भार कुणी उचलायचा? गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकरांना आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच नाटक मंडळीत उभे राहावे लागले. पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवण्यासाठी आणि मिळालेली टिकवण्यासाठी त्यांना झगडावे लागले. पतीच्या निधनानंतर मुलांना वाढवत, शिकवण्या करत त्यांनी गाणे जपले आणि किशोरी आमोणकरांसारखी गायिका घडवली. त्यांना सरस्वतीबाई लाभल्या नव्हत्या. मोगूबाई टिकल्या म्हणून आपल्याला त्यांचे नाव माहीत आहे. अशाच परिस्थितीत ज्यांचे गाणे थांबले त्यांची नावे कुठल्याही चरित्रकोशात सापडणार नाहीत, आणि चिकाटीचे गुणगान करणाऱ्याने या न सापडणाऱ्या नावांचा विचार केलाच पाहिजे.

नोकरीने कला मरते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकले आणि जाहिरात क्षेत्रात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले; त्या क्षेत्रातही ते पहिल्या रांगेत होते. ‘जेजुरी’ १९७६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच सुमारास त्यांचा पहिला मराठी संग्रह निघाला. त्यानंतर जवळजवळ पाव शतक त्यांनी नवे पुस्तक काढले नाही आणि २००३-०४ मध्ये, आयुष्याच्या शेवटी, ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ अशी पुस्तके एकापाठोपाठ एक आली. कविता विकून घर चालवायचे असते तर एखादी ओळ इतकी वर्षे हाताशी धरून बसणे त्यांना परवडले नसते. जाहिरातीच्या कामाने त्यांना न छापण्याची मुभा दिली. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात दीर्घकाळ नोकरीला होते. हातमागासाठी नक्षीकाम व्हावे म्हणून सरकारने काढलेल्या त्या केंद्रांनी देशातल्या अनेक चित्रकारांना पगार दिला. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आले ते या धबडग्यातूनच. आकाशवाणीने तर एका काळी मर्ढेकर, बोरकर, व्यंकटेश माडगूळकर, पु. ल. देशपांडे अशा माणसांना नोकरी दिली होती. यातल्या कुणालाही अर्धवट कवी किंवा हौशी लेखक म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

या संदर्भात ‘घाशीराम कोतवाल’ची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि दौंडला त्यांचा दवाखाना होता. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नाटकाच्या जडणघडणीत असलेले सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात काम करत. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचालींची रचना सोडली तर रंगमंचावरची ती माणसांची भिंत उभी राहिली होती ती दिवसा कुठेतरी शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी तालमीला जमणाऱ्या मंडळींच्या बळावर. नाटकावर वाद पेटला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा याच मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुढे नेले; १९८० मध्ये ते युरोपभर फिरवून आणले. हे नाटक एखाद्या व्यावसायिक कंपनीचे असते आणि त्यातल्या नटांचे घर प्रयोगाच्या नाइटवर चालत असते तर पहिल्या विरोधालाच निर्मात्याने सेट गोदामात टाकला असता, आणि त्याला दोषही देता आला नसता. पोटाची सोय दुसरीकडे होती, म्हणून त्यांना ठाम राहता आले. स्वातंत्र्याचा हा हिशेब आपण कधी मांडत नाही. महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार कलावंताला नाही म्हणायची ताकद देतो, आणि कलेत नाही म्हणता येणे फार मोलाचे असते.

अर्थात पगार असला की कला होते असे मुळीच नाही. तसे असते तर प्रत्येक बँकेतून आणि सचिवालयातून कवी निघाले असते. इथे हेतूचा प्रश्न येतो. आपल्याला नक्की काय करायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो नोकरीला काय द्यायचे आणि काय राखून ठेवायचे हे ठरवू शकतो. आळेकरांनी ‘महानिर्वाण’ लिहिले ते १९७४ मध्ये आणि ‘बेगम बर्वे’ १९७९ मध्ये. प्रयोगशाळेतल्या नोकरीने त्यांचा नाटककार गिळला नाही, कारण नोकरीतली बढती हे त्यांचे साध्य नव्हते. नोकरीने कला मारली असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, तिथे पुष्कळदा घडलेले असते ते वेगळेच. करायचे काय हे धूसर असते, म्हणून कामावरून आल्यावरचे तास कशासाठी वाचवायचे हेच कळत नाही आणि ते हळूहळू सांडून जातात. ध्यासाची आपल्याकडे कमतरता नाही. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत कुठल्याही महाविद्यालयाच्या तालमीच्या खोलीत डोकावले तरी तो भरभरून दिसतो. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकाने अशा किती पिढ्या पाहिल्या आहेत. त्या गर्दीतून दहा वर्षांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. बाकीच्यांचा ध्यास खोटा होता असे मी म्हणणार नाही. महाविद्यालय संपताच त्यांच्या हातून एकदम तीन गोष्टी गेल्या: तालमीची फुकट खोली, बरोबरचे सवंगडी आणि ठरलेली तारीख.

ठरलेल्या तारखेचे महत्त्व ‘गीतरामायणा’इतके दुसऱ्या कशातून दिसत नाही. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. त्या वर्षी अधिक मास होता, त्यामुळे गीतांची संख्या ५६ पर्यंत गेली. ग. दि. माडगूळकरांची प्रतिभा आणि सुधीर फडक्यांची चाल यांच्याविषयी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. पण सीताकांत लाड यांच्यासारखा आकाशवाणीतला अधिकारी मागे लागला नसता, प्रसारणाची वेळ ठरलेली नसती, गायक-वादक आणि ध्वनिमुद्रणाची सोय केंद्राने पुरवली नसती, तर या दोघांनी आपणहून ५६ आठवडे हे व्रत चालवले असते का? माझ्या मते नाही. दोघेही चित्रपटसृष्टीत बुडालेले होते, त्यांच्यामागे कामांचा ससेमिरा होता. सलग वर्षभर त्यांच्याकडून जे सातत्य घडले ते अर्धे त्यांचे आणि अर्धे आकाशवाणीच्या वेळापत्रकाचे होते. संस्था कलावंतासाठी जे सर्वांत मोठे काम करू शकते ते हे: त्याची वाट पाहणारी एक जागा तयार ठेवणे आणि तो तिथे पोचला की त्याच्या कामाचे पैसे देणे.

आज हाच आठवड्याचा, किंबहुना रोजचा, रतीब घालायला यूट्यूब आणि इन्स्टाग्राम तरुणांना भाग पाडतात, आणि काही जण म्हणतात की आता संस्थांची गरजच उरली नाही, मोबाइल हातात आहे तोच स्टुडिओ आणि तेच थिएटर. या माध्यमांनी गावाकडच्या मुलांसाठी दारे उघडली हे मान्यच केले पाहिजे. सोलापूर-बीडकडच्या बोलीत बोलणाऱ्या मुलामुलींना मुंबईच्या निर्मात्याच्या ऑफिसात खेटे न घालता प्रेक्षक मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. पण आकाशवाणीच्या तारखेत आणि या तारखेत एक फरक आहे. तिथे सातत्याचा खर्च संस्था उचलत होती. इथे तारीख प्लॅटफॉर्म ठरवतो आणि खर्च, तोटा, आजारपण, आठवडाभर काही सुचले नाही तर त्याचे नुकसान, हे सारे कलावंताच्या अंगावर पडते. वर त्याने काय करावे हे आदल्या व्हिडिओच्या व्ह्यूजवरून ठरू लागते आणि हेतू हातातून निसटतो. कोलटकरांना मिळालेली न छापण्याची मुभा इथे कुणालाच नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की अर्धवेळ साधना नसतेच. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उडवून लावणे बरोबर होणार नाही. कविता पहाटे लिहिता येते, नाटक संध्याकाळी बसवता येते. ख्याल गायकी, सतार किंवा कथक अशा वेळात शिकता येत नाही, निदान त्या उंचीला नेता येत नाही. तिथे शरीर घडवायचे असते आणि त्याला विशी-पंचविशीतले रोजचे कित्येक तास द्यावे लागतात. पण मग या कलांना जगवले कशाने हे पाहिले की पुन्हा व्यवस्थाच दिसते. भीमसेन जोशी घरातून पळाले हे सगळ्यांना माहीत असते. पळून ते अखेर पोचले ते कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी, जिथे कष्ट होते, पाणी भरणे होते, पण तालीम आणि दोन वेळचे जेवणही होते. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय होता. गुरुगृह आणि दरबार दोन्ही गेले तेव्हा कोलकात्यात आयटीसी संगीत रिसर्च अकादमीने १९७७ पासून निवडक शिष्यांना राहायला जागा आणि विद्यावेतन देऊन शिकवायला सुरुवात केली. आपले उल्हास कशाळकर तिथे वर्षानुवर्षे गुरू होते. महाराष्ट्रातल्या घराण्यांचे गाणे शिकवायला महाराष्ट्रातला गवई कोलकात्याला राहिला, कारण ती सोय इथे त्या तोडीची कुणी केली नाही. याची खंत आपल्याला वाटायला हवी.

डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने दिले जाते. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा व्यवसाय सोडून ते १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’चे गणपतराव बेलवलकर उभे राहिले. दोर कापल्याशिवाय हे झाले असते का? बहुधा नाही. मात्र तेव्हा ते बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्याआधी जवळपास वीस वर्षे पुण्यात, मुंबईत वैद्यकी सांभाळून त्यांनी रंगभूमीवर काम केले होते. कामच इतके वाढले की दोन्ही मावेनात, तेव्हा त्यांनी एक सोडले. निष्ठा सिद्ध करण्यासाठी सोडणे आणि कामाने जागा मागितली म्हणून सोडणे यांत फार अंतर आहे. विशीतल्या मुलाला आपण पहिले करायला सांगतो आणि दाखला दुसऱ्याचा देतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा एकाग्र आणि निःसंग माणूसही याला अपवाद नाही. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत त्यांना काम करायला जागा होती, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्यांना न्यूयॉर्कला जाता आले. त्यांच्या चित्रांना कोट्यवधींचा भाव आला तो २००१ मध्ये ते गेल्यानंतर.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: उपाशी पोटीच खरी कला जन्मते, सुरक्षितता कलावंताला बोथट करते. हे म्हणणाऱ्याने अण्णा भाऊ साठे यांच्याकडे पाहावे. वाटेगावहून मुंबईला चालत आलेला, शाळा न शिकलेला हा माणूस. ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, रशियापर्यंत नाव पोचले. ध्यास, हेतू आणि चिकाटी या तिन्ही गोष्टी एका माणसात याहून अधिक असू शकत नाहीत. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांनी हे सारे लिहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, हलाखीत ते गेले. दारिद्र्याचा अनुभव त्यांच्या लेखनाला मिळाला, हे खरे. पण त्यासाठी दारिद्र्यातच मरण्याची गरज नव्हती, आणि आणखी वीस वर्षे मिळाली असती तर त्यांनी काय लिहिले असते याचे उत्तर आपण कायमचे गमावले आहे. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांविषयी एक हकिकत सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकिकत आपण कलानिष्ठेची म्हणून सांगतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. त्या बाईच्या जिद्दीपुढे मीही नतमस्तक आहे. पण त्याच हकिकतीत हेही आहे की सुपारी घेतलेल्या फडावरच्या बाईला बाळंतपणाचीही सुट्टी नव्हती. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा परिस्थिती ओढगस्तीची होती, आणि त्यानंतर काही वर्षांत त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने सुरू केला.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि मला तो पूर्णपणे परतवता येणार नाही. दहा ते साडेपाचच्या त्या नोकऱ्या आता कुठे आहेत? आकाशवाणी, पोस्ट, बँका, महापालिकेच्या शाळा इथल्या कायम जागा आटल्या. आजचा तरुण कंत्राटावर असतो, बारा तास काम करतो आणि वर दोन-तीन तास लोकलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये घालवतो. त्याच्याकडे संध्याकाळच उरत नाही. शिवाय त्या जुन्या नोकऱ्या तरी सगळ्यांना कुठे मिळत होत्या? डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी होऊन संध्याकाळी नाटक करणारा वर्ग शिकलेला होता आणि बव्हंशी वरच्या जातींतला होता. अण्णा भाऊंना किंवा विठाबाईंना ती वाट उपलब्धच नव्हती. हे सारे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच ‘नोकरी सांभाळून कला कर’ हा सल्ला मी कुणाला वैयक्तिक पातळीवर देऊन मोकळा होणार नाही. चिकाटीला आधार लागतो हे एकदा मान्य केले की पुढचे मान्य करावेच लागते: ज्यांच्या घरात तो आधार नाही त्यांच्यासाठी तो सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक नियमांतून आला पाहिजे. नाहीतर कला ही सुखवस्तू घरातल्या मुलांची मक्तेदारी होईल, आणि ज्यांच्याकडे सांगायला सर्वांत जास्त आहे ते गप्प राहतील.

असे नियम करता येतात याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चित्रपटातल्या गाण्याचे सगळे हक्क एकरकमी लिहून घेण्याची पद्धत कित्येक दशके चालू होती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येणार नाही, असे ठरले. तिची अंमलबजावणी भांडत भांडतच होते आहे, तरी नियम आला. दूरचित्रवाणी मालिकांत कलाकार-तंत्रज्ञांना केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. महिन्याचे भाडे मात्र महिन्यालाच द्यावे लागते. ही मुदत कमी करायला सरकारला एक रुपया खर्च येत नाही. जागेचे तसेच. दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला मिळाले आणि पुढची सुमारे दोन दशके मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मुक्काम तिथे होता. एका शाळेने संध्याकाळी आपले दार उघडे ठेवले, यातून केवढे घडले. आज महाराष्ट्रभर जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात आणि तालमीला जागा नाही म्हणून मुले पार्किंगमध्ये उभी राहून संवाद पाठ करतात.

पैशांची मदत आपण करतो, पण ती चुकीच्या टोकाला करतो. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देते आणि ते दिलेच पाहिजे. ते वेळेवर मिळावे यासाठीही भांडावे लागते. पण मदतीची निकड सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत असते, जेव्हा काम अजून कच्चे असते आणि सोडून देण्याचा मोह रोज होतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: सबंध देशात ४००, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. त्यापुढच्या वयासाठी आणखी ४०० अधिछात्रवृत्त्या आहेत, त्याही अभ्यास-प्रकल्पांना. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावली की पाच हजार त्यातच संपतात, रियाजाच्या खोलीचे भाडे त्यातून निघत नाही. महाराष्ट्राने निदान दर जिल्ह्यात दहा जणांना, पाच वर्षांसाठी, खरोखर जगता येईल एवढी रक्कम द्यायचे ठरवले तर ३६ जिल्ह्यांत ३६० कलावंत होतात. निवड कोण करणार, वशिला कसा थांबवणार, हा प्रश्न लगेच येईल आणि तो रास्त आहे. निवड झालेल्याने दरवर्षी केलेले काम आपापल्या जिल्ह्यात लोकांसमोर मांडावे आणि पुढच्या वर्षाची रक्कम त्यावर ठरावी, अशी अट घालता येईल. ते मांडायला संध्याकाळी कुलूप लागणारी तीच शाळांची सभागृहे उघडता येतील.